जपानहून आलेले सात खडे

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला विषय दिला तो असा: ‘देशाची आर्थिक बलस्थाने आणि जपानशी आपला व्यापार’. वर फोनवर म्हणाले, “काका, तुम्ही तर एक्स्पोर्टमधले. तुमच्या डाव्या हातचा खेळ.” खेळ म्हणे! ज्या धंद्यानं माझे केस चाळिशीच्या आत पांढरे केले, त्याला हे खेळ म्हणतात.

बलस्थानं वगैरे मला ठाऊक नाहीत. त्या काळी सांगलीच्या मार्केट यार्डात वर्षाकाठी एखादा पाहुणा यायचा, सांगलीची हळद म्हणजे देशाचं सोनं, परकीय चलन, असं जोरात बोलायचा, हार घालून घ्यायचा आणि डगल्याला पिवळं लागलं म्हणून कुरकुरत गाडीत बसायचा. मला ठाऊक आहे ते एवढंच, की सत्तरच्या दशकात आमच्या पेढीनं जपानला हळदीचा पहिला ट्रक पाठवला तेव्हा कुणी कुणी माझं डोकं उठवलं, आणि मी कुणावर उगाच ओरडलो. तेच लिहितो. संपादकांना चालत नसेल तर त्यांनी पान रिकामं सोडावं.

मी मूळचा मेढ्याचा. आमच्या जावळीच्या डोंगरात भात आणि नाचणी. हळद म्हणजे लग्नात लावतात ती, एवढंच माझं ज्ञान. घरातले सगळे पुरुष पलटणीत. माझी छाती मात्र भरतीवाल्याच्या टेपेत बसेना. मग साताऱ्याला बी. कॉम. केलं, माधवनगरला कापड गिरणीत कुठंतरी चिकटावं म्हणून आलो आणि चिकटलो सांगलीत बाबूशेठच्या हळदीच्या पेढीवर. शेठनं दोनच प्रश्न विचारले. “इंग्रजीत पत्र लिहिता येतं?” येतं म्हटलं. “तंबाखू खाता?” नाही म्हटलं. “मग नाक शाबूत असेल. उद्यापासून या.” दुसऱ्या दिवसापासून मी दिवाणजी झालो. नमुने काढायचे, प्रत ठरवायची, पत्रं लिहायची आणि दिवसभर शिंकायचं, हे माझं काम.

आता ज्यांनी हळद फक्त डब्यात पाहिली त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शेतातून निघालेली हळद काहिलीत शिजवतात, मग पंधरा-वीस दिवस उन्हात वाळवतात. वाळलेलं हळकुंड दिसायला अगदी दरिद्री असतं. अंगावर साल, मुळांचे केस, माती. मग ते पिंपात घालून फिरवायचं. पिंपाला भोकं असतात, हळकुंडं एकमेकांवर घासतात, साल गळून जाते. याला पॉलिश म्हणायचं. शेवटच्या फेऱ्यांत हळदीचीच पूड पाण्यात कालवून वर शिंपडायची, म्हणजे हळकुंड असं झळकतं की गिऱ्हाइकाचा हात आपोआप पुढं येतो. आमच्याकडं हातानं फिरवायची चार पिंपं होती आणि ती फिरवायला चौदा बायका. त्याच बायका हळद निवडायच्याही.

त्या चौदांची मुकादमीण ताराक्का. जतकडची. घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि ती भावकीतल्या, शेजारपाजारच्या तेरा जणींना घेऊन सांगलीला आली. पंचेचाळिशीची, काटक बाई. मूठभर हळकुंडं हातात घेऊन नुसती खुळखुळवायची आणि डोळ्यांनी न बघता त्यातला खडा काढून फेकायची. मी एकदा विचारलं, “आक्का, कळतं कसं?” तर म्हणाली, “आवं, मेंढरात कुत्रं शिरल्यावर कळतंयच की.” मी तिला अहो-जाहो करायचो, ती मला दिवाणजी म्हणायची. आमचं बरं चाललं होतं.

आणि मग इतोसाहेब आले.

हे ओसाकाकडचे मसाल्याचे व्यापारी. येण्याआधी सहा महिने त्यांची पत्रं येत होती. पत्रं कसली, प्रश्नपत्रिका! आमच्याकडं हळद साठवायला हरिपूरला जमिनीत खोल पेवं असतात. त्या मातीत पाणी झिरपत नाही, त्यामुळं माल वर्षानुवर्षं टिकतो. साहेबांनी विचारलं, पेवात उंदीर शिरतात का? नाही, असं मी कळवलं. तर उलट टपालानं प्रश्न, शिरत नसल्यास का शिरत नाहीत? मी ते पत्र घेऊन हरिपूरला पेववाल्याकडं गेलो. तो म्हणाला, “शंभर वर्सं झाली दिवानजी, अजून एकाबी उंदरानं कारन सांगितलं न्हाई.” आता हे इंग्रजीत काय लिहू मी? पेव उघडल्यावर आत हवा बरी आहे का हे कशानं तपासता, असाही एक प्रश्न होता. कंदील सोडतो, विझला तर उतरत नाही, असं लिहिलं. त्यावर त्या कंदिलाची बनावट विचारली!

प्रत्यक्ष साहेब मात्र निघाले बारके, शांत, कमरेत वाकून नमस्कार करणारे. काही विचारायचं झालं की एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, “वन क्वेश्चन.” दिवसभरात ते बोट किती वेळा वर झालं ते माझं मलाच ठाऊक. यार्डात सौदा चालला होता. रुमालाखाली हात घालून, बोटं धरून भाव सांगतात तो. साहेबांना तेही करून बघायचं होतं. आडत्यानं रुमालाखाली त्यांची तीन बोटं धरली मात्र, त्यांना गुदगुल्या झाल्या. सगळा यार्ड हसला, तेही हसले. त्या मुक्कामात ते तेवढे एकदाच हसले.

कारण पेढीवर आल्यावर शेठनं पॉलिशचा अव्वल माल पुढ्यात ओतला. साहेबांनी खिशातून पांढराशुभ्र हातरुमाल काढला, एक हळकुंड पुसलं आणि रुमालावरचा पिवळा डाग आम्हाला दाखवला. बोट वर. “वन क्वेश्चन. हा रंग हळदीचा की तुमचा?” हळदीचाच, पण वरून लावलेला, हे समजावताना माझ्या तोंडाला फेस आला. साहेब मान हलवत राहिले आणि त्यांना काही पटलं नाही. दुसऱ्या दिवशी डिग्रजला एका मळ्यात वाळवण पडलं होतं, तिथं गाडी थांबवायला लावली. मातीनं भरलेली, केसाळ हळकुंडं उचलली, मोडून बघितली, वास घेतला आणि म्हणाले, हीच द्या. अशीच द्या. साल तशीच पाहिजे, पॉलिश नको, पण आत खडा नको, मातीचं ढेकूळ नको.

शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, “दिवाणजी, याला उन्हाचा त्रास झालाय का?” पण ऑर्डर ती ऑर्डर. एक ट्रक माल, सव्वाशे पोती. पसंत पडला तर दर वर्षी, आणि दर वर्षी वाढत. शेठनं शब्द दिला, हे जमवलंत तर एक्स्पोर्टचं खातं तुमच्या हाती. आमच्या धंद्यात परदेशी बँकेचं एक पत्र येतं, त्यात माल कसा हवा ते लिहिलेलं असतं. त्यात शब्दच होता, ‘पॉलिश न केलेली’. मुंबईला धक्क्यावर त्यांचा माणूस पोती फोडून बघणार आणि मगच सही करणार. सही नाही तर बोट नाही, आणि बोट चुकलं तर जपान कायमचं गेलं.

माल गोळा करून गोदामात लावला. ताराक्काला सांगितलं, “ही पोती नीट निवडून ठेवा, खडा ठेवू नका.” एवढंच सांगितलं. पॉलिश करू नका, हे सांगायचं राहिलं. आता कुणाला वाटेल, एवढी साधी गोष्ट कशी राहिली? अहो, सांगावं लागेल हेच मनात आलं नाही! मी मुंबईला गेलो, बोटीची जागा, कागद, शिक्के, या टेबलावरून त्या टेबलावर. शेठ निपाणीला पुतणीच्या लग्नाला. पाचव्या दिवशी परत आलो, थेट गोदामात गेलो आणि पहिलं पोतं उसवलं.

आत सोनं. असं लखलखीत पॉलिश मी माझ्या उभ्या नोकरीत बघितलं नव्हतं. दुसरं उसवलं, तेही तसंच. दहावं, तेही. सव्वाशेच्या सव्वाशे पोती!

ताराक्का पदराला हात पुसत आली. मागं बाकीच्या बायका, सगळ्यांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या. “काय दिवानजी, कशी दिसतीया? आरशावानी केलीय. त्यो ज्यापनी बघतच ऱ्हाईल.”

“कुणी सांगितलं होतं तुला?” मी ओरडलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून ‘तुला’ गेलं.

“सांगाया कशाला पायजे?” ती म्हणाली. “धुळीनं भरल्याली हळद परमुलखात धाडायची व्हय? लोक म्हंतील, सांगलीत काय बायकास्नी हात न्हाईत?”

वर त्यांनी हे फुकट केलं होतं. पॉलिशची चिठ्ठी शेठ देतात, शेठ नव्हते, म्हणजे मजुरी नाही. पाच दिवस चौदा जणी आपल्या मनानं पिंपं फिरवत होत्या, कशासाठी, तर सांगलीचं नाव जाऊ नये म्हणून. माझी तर मतीच गुंग झाली. कामचुकार माणसाला झापता येतं हो, पण न सांगता, न मागता, जीव तोडून काम करून सत्यानाश करणाऱ्याला काय म्हणायचं?

मी म्हणायचं ते सगळं म्हटलं. अक्कल गहाण ठेवली का म्हटलं, मेंढरांमागं राहून मेंढरं झालात म्हटलं. ताराक्का मध्येच म्हणाली, “आवं, पर ऐका तरी, दिवानजी...”

“काय ऐकू डोंबलाचं? घरी जा सगळ्या!”

त्या गेल्या. गोदामात मी आणि सव्वाशे पोती. बोटीला आठ दिवस राहिले होते आणि घासलेली साल काही परत चिकटत नाही.

पुढचे चार दिवस मी जीप घेऊन डिग्रज, आष्टा, वाळवा असा गावोगाव कच्ची, म्हणजे न घासलेली, हळद मागत हिंडलो. हंगाम सरत आलेला. ज्याच्या दारात जावं तो विचारी, “कच्ची? दिवानजी, थट्टा करता व्हय गरिबाची?” एकानं तर मला चहा पाजून बसवून घेतलं आणि मुलाला हळूच सांगितलं, याच्या डोक्यावर पानी मारा रं. शेवटी कसाबसा माल जमला. पण कसला माल! कुणी अंगणातून गोळा केलेला, कुणी रस्त्यावर वाळवलेला. माती, काड्या, खडे, एकात गुरांचं शेणसुद्धा. ट्रक निघायला तीन दिवस उरलेले आणि हे सगळं निवडायचं. निवडणार कोण? जिल्ह्यात ते हात एकाच बाईकडं होते, आणि तिला मी मेंढरू म्हणून आलो होतो.

गेलो. यार्डामागं त्यांच्या झोपड्या होत्या. ताराक्का भाकरी थापत होती. मी काय बोलणार याची वाटच तिनं बघितली नाही. “किती पोती हायती?” तिनं विचारलं. सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी तेवढी उतरवली आणि उठली.

तीन दिवस त्या चौदा जणी सकाळी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत बसल्या. मी असली निवड कधी बघितली नाही. साल न दुखवता माती झटकायची, हळकुंडाएवढाच, हळकुंडाच्याच रंगाचा खडा नुसत्या बोटांना ओळखायचा. शेवटच्या दुपारी मी पोत्यांवर शिक्का मारत होतो, तेव्हा ताराक्का हातातलं हळकुंड बघत म्हणाली, “दिवानजी, ह्यो माल त्यास्नी पटला, आन् कच्चीच न्यायाला लागले, तर फुडल्या साली ही पिंपं कुनी फिरवायची?”

“अहो आक्का, ट्रक निघतोय! ते मागाहून बघू की!” मी म्हणालो. माझं लक्ष शिक्क्याकडं होतं. तिनं हातातलं हळकुंड पोत्यात टाकलं आणि पुढचं उचललं.

माल गेला. धक्क्यावर सही झाली. दोन महिन्यांनी इतोसाहेबांचं पत्र आलं आणि त्यात एकही प्रश्न नव्हता. इतका स्वच्छ माल आम्ही कुठल्याही देशातून पाहिला नाही, पुढच्या वर्षी चौपट पाठवा, एवढंच. शेठनं पेढे वाटले. मला खातं मिळालं, फिरती खुर्ची मिळाली, दारावर पाटी लागली. घासलेला माल इंदूरच्या एका व्यापाऱ्यानं बघताक्षणी उचलला होता, पण शेठचं आता देशी गिऱ्हाइकांत मन राहिलं नाही. घासा, रंगवा, वर भावासाठी हुज्जत घाला, कोण करतो? सगळा माल कच्चा जपानला. मुंबईहून त्यांनी मोटारीवर चालणारी मोठी चाळणी आणली. एका तासात ती चौदा बायकांचं दिवसाचं काम उरकायची. पिंपं भंगारात गेली.

बायकांना सांगायचं काम माझ्याकडं आलं. खातेप्रमुख ना मी! सांगितलं. बाकीच्या खाली बघत उभ्या राहिल्या. एकटी ताराक्का माझ्याकडं बघत म्हणाली, “त्या दिवशी गोदामात ह्येच सांगत हुते तुमास्नी. पर तुमी वरडत हुता.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साहेबांनी पेढीवर तो रुमाल दाखवला तेव्हा ती तिथंच निवडत बसली होती; तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. सव्वाशे पोती तिनं सांगलीच्या नावासाठी घासली हे खरंच होतं, पण पिंपं फिरती राहावीत, चकचकीत माल त्या माणसाला आवडावा, म्हणूनही घासली होती. आणि ते नाही जमलं, तेव्हा मी बोलवायला गेल्यावर तव्यावरची भाकरी उतरवून तिनं स्वतःचंच काम बंद पाडणारा माल तीन दिवस निवडून दिला, एक खडा न ठेवता. चौदाही जणी जतकडं परत गेल्या.

दुसऱ्या वर्षीचा चौपट माल गेला. दोन महिन्यांनी जपानहून पत्राऐवजी एक जाड पाकीट आलं. आत सात खडे. प्रत्येक खडा वेगळ्या कागदात बांधलेला, त्यावर पोत्याचा नंबर. बरोबर दोन ओळी: माल परत पाठवत नाही, पण पुढची ऑर्डर थांबवली आहे. आणि खाली, “वन क्वेश्चन. पहिल्या वर्षीचे हात कुठे गेले?”

शेठ चाळणीवाल्याला शिव्या घालू लागले. चाळणी बिचारी काय करणार? हळकुंडाएवढा खडा आला की तिला तो हळकुंडच वाटे. मी पाकीट खिशात घातलं आणि जतची एस.टी. धरली.

ताराक्का गावाबाहेर रस्त्याच्या कामावर सापडली. दुष्काळी कामाची खडी फोडत होती. हातातला हातोडा तिनं खाली ठेवला, पाकिटातले खडे तळहातावर घेतले, खुळखुळवले आणि हसली. “ज्यापनात जाऊन आले व्हय हे? ह्यो तर आष्ट्याच्या वाटंवरचा हाय.”

“आक्का, परत चला,” मी म्हणालो.

“किती जनी?”

मी खोटं बोललो नाही. शेठनं सहा जणींना होकार दिला होता. त्यासाठीसुद्धा मी दोन दिवस घसा कोरडा केला होता.

“आमी चौदा हुतो,” ती म्हणाली. मी परत विनवलं, मागचं बोलणं मनात धरू नका म्हणालो. खडे तिनं एकेक करून कागदात बांधले, पाकिटात घातले आणि माझ्या हातात दिले. “तुमी जावा फुडं. सोमवारी बायका येतील.”

सोमवारी सकाळी मी गोदामाच्या दारात जाऊन उभा राहिलो. सहा जणी आल्या. ज्यांची पोरं लहान होती, ज्यांच्या घरी दुसरं कमावणारं कुणी नव्हतं, अशा सहा तिनं निवडून काढल्या होत्या. ताराक्का त्यांत नव्हती.

जपानचा व्यापार पुढं पुष्कळ वर्षं चालला. त्या सहा जणींच्या हातावर चालला. खडे अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत. संपादकांना बलस्थानांचा फोटो छापायचा असेल तर घेऊन जावेत.

त्या सोमवारी मी सवयीनं दारातूनच ओरडलो होतो, “अगं, आक्का कुठाय?” सगळ्यांत धाकटीनं पदर खोचला, पहिलं पोतं ओढलं आणि म्हणाली, “त्या न्हाई येत. पर तुमास्नी सांगावा दिलाय.”

“काय?”

“म्हनल्या, दिवानजीस्नी म्हनावं, बायका काय सांगाया लागल्या, तर आदी ऐकून घ्या. मग वरडा.”